म्युझिक प्लेयरचा परवाना आणि निधी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

६ जानेवारी २०२५

आपल्या म्युझिक प्लेयरच्या कामाची नोंद आजवर कोडमधल्या बदलांपुरतीच राहिली. आजपासून परवाना आणि पैसा या दोन विषयांच्या नोंदी वेगळ्या ठेवत आहे, कारण गेल्या आठवड्यात हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी समोर आले. एका लिनक्स वितरणासाठी आपले पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने कळवले की, इंटरनेट रेडिओच्या मॉड्यूलसाठी आपण ओपनएसएसएल ३ ही सुरक्षित जोडणीची लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडतो, तिचा परवाना अपाची २.० आहे, आणि आपल्या काही फाइलींच्या माथ्यावर ‘जीपीएल आवृत्ती २’ (प्रोग्राम पुढे वाटणाऱ्याने त्याच अटींवर स्रोतही द्यावा असे सांगणारा मुक्त परवाना) एवढेच लिहिले आहे. ‘किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती’ हे शब्द तिथे नाहीत. असा कोड आणि अपाची २.० खालचा कोड एकाच प्रोग्राममध्ये जोडून वाटता येत नाही. त्याच दिवशी विंडोजच्या बिल्डवर, म्हणजे वापरायला तयार केलेल्या प्रोग्रामवर, सही करण्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. ते प्रमाणपत्र, ॲपलच्या डेव्हलपर नोंदणीचे वर्षाचे ९९ डॉलर आणि बिल्ड सर्व्हरचे भाडे हा सगळा खर्च आम्ही दोघे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, गेली सहा वर्षे स्वतःच्या खिशातून करत आलो आहोत.

आज एवढेच ठरले की, परवान्याचा दोष माहीत असताना पुढचे रिलीज काढायचे नाही, आणि खर्चाचा प्रत्येक आकडा यापुढे उघडपणे लिहून ठेवायचा.

११ जानेवारी २०२५

पाच दिवस फाइलींची तपासणी केली. कोडच्या एकूण ३१२ फाइलींपैकी २७१ मध्ये ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची’ असे स्पष्ट लिहिले आहे, २९ मध्ये फक्त आवृत्ती २ आहे, आणि १२ फाइलींना परवान्याची ओळच नाही. बदलांच्या इतिहासात ४१ जणांची नावे आहेत. त्यांतील काहींनी एक-दोन ओळी दुरुस्त केल्या आहेत, तर सहा जणांनी संपूर्ण मॉड्यूले लिहिली आहेत. आपण कुणाकडूनही कॉपीराइट लिहून घेतलेला नाही, त्यामुळे प्रत्येकाचा भाग त्याच्याच मालकीचा आहे आणि त्याच्या संमतीवाचून आम्ही त्या ओळींचा परवाना बदलू शकत नाही. ही गोष्ट अडचणीची वाटते खरी, पण प्रकल्पाचे सर्वात मोठे संरक्षणही तीच आहे, याची पुढे गरज पडेल असे वाटते.

बाहेरच्या लायब्ररींची यादी करताना दोन चुका सापडल्या, आणि दोन्ही आमच्याच हाताने झालेल्या आहेत. ध्वनी-चित्राच्या फाइली उलगडणारी एफएफएमपेग ही लायब्ररी साधेपणाने बांधली तर एलजीपीएल (बंद प्रोग्रामलाही जोडू देणारा, जीपीएलचा सौम्य प्रकार) २.१ किंवा त्यानंतरच्या परवान्याखाली मिळते. बांधताना जीपीएलचा पर्याय चालू केला तर सगळी लायब्ररी जीपीएलखाली येते. आणि ‘नॉनफ्री’ हा पर्याय चालू केला तर तयार झालेली बायनरी कुणालाही वाटता येत नाही. आपल्या विंडोज बिल्डमध्ये जीपीएलचा पर्याय चालू होता, कारण बिल्डची ती स्क्रिप्ट मुळात व्हिडिओसाठी लिहिलेली होती आणि तिच्यात एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर मागितलेला होता. गाणी वाजवण्यासाठी त्याची काडीचीही गरज नाही. दुसरी चूक दृश्य-आलेखाच्या मॉड्यूलमध्ये आहे: तिथे ध्वनीतील वारंवारता काढणारी एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी वापरली आहे आणि ती जीपीएलखाली आहे. आजच्या घडीला याने काही बिघडत नाही, पण प्लेयरचे इंजिन, म्हणजे गाणी वाजवणारा गाभा, कधी वेगळी लायब्ररी म्हणून अधिक मोकळ्या परवान्याखाली द्यायचे ठरले, तर ती वाटेत उभी राहील. बीएसडी या मोकळ्या परवान्याची किस-एफएफटी त्या कामाला पुरेशी आहे. आवाजाचा नमुना-दर बदलणारी लिबसॅम्पलरेट पूर्वी जीपीएलखाली होती आणि व्यापारी परवाना स्वतंत्रपणे विकला जाई. २०१६ पासून ती दोन कलमी बीएसडीखाली आली असल्यामुळे तिची चिंता नाही. गाण्यांची माहिती वाचणारी टॅगलिब एलजीपीएल २.१ किंवा एमपीएल १.१ (मोझिलाचा परवाना) यांपैकी आपण निवडू त्या परवान्याने मिळते.

१३ जानेवारी २०२५

पेटंटचा प्रश्न तपासणीत आला म्हणून येथे थोडक्यात लिहून ठेवतो. कॉपीराइटचा परवाना आणि पेटंटचा परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत; लायब्ररी मुक्त असली म्हणून तिच्यातली पद्धत पेटंटमुक्त असेलच असे नाही. एमपी३ चा पेटंट-परवाना कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी संपला. फ्लॅक आणि ओपस हे प्रकार सुरुवातीपासून विनाशुल्क वापरासाठी तयार झाले. एएसी या ध्वनिप्रकारासाठी मात्र फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेची एफडीके लायब्ररी जोडू नये: तिचा परवाना जीपीएलशी जुळत नाही, आणि एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी डिकोडर आपल्या कामाला पुरतो.

१४ जानेवारी २०२५

मूळ पेच. अपाची २.० मध्ये पेटंटविषयीची जी समाप्तीची अट (पेटंटचा दावा लावणाऱ्याचा पेटंट-परवाना संपतो) आहे, ती जीपीएल आवृत्ती २ च्या दृष्टीने जादा निर्बंध ठरते आणि आवृत्ती ३ ने मात्र तिला जागा करून दिली आहे, अशी जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे. ओपनएसएसएलने ३.० पासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, अपाची परवाना घेतला. लिनक्स वितरणात ती लायब्ररी प्रणालीचा भाग मानून काही जण वाट काढतात. परंतु विंडोज आणि मॅकसाठी आपण ती स्वतःच्या पुडक्यात घालून देतो, तेव्हा ती पळवाट आपल्यासाठी नाही.

पर्याय तीन होते. पहिला, २९ फाइलींच्या लेखकांकडून ‘किंवा त्यानंतरची’ ही दोन शब्दांची परवानगी मिळवणे. दुसरा, ओपनएसएसएलशी जोडण्याची खास सवलत परवान्यात लिहिणे. ऱ्हिदमबॉक्स या प्लेयरने जीस्ट्रीमर या माध्यम-चौकटीच्या जीपीएलशी न जुळणाऱ्या प्लगिनांसाठी अशीच सवलत लिहून दिली आहे, पण त्यालाही त्याच लेखकांची संमती लागते. तिसरा, ओपनएसएसएल काढून त्याच कामाची, एलजीपीएलखालची जीएनयूटीएलएस जोडणे. तिसऱ्यासाठी कुणालाही विचारावे लागत नाही, म्हणून तो आजच सुरू केला. विंडोजवर बिल्ड अधिक किचकट होईल, ते सोसावे लागेल. पहिल्या पर्यायाचे कामही सोबत चालवायचे, कारण पुढे आणखी अनेक चांगल्या लायब्ररी अपाचीखाली येणार आहेत आणि दर वेळी पर्यायी लायब्ररी सापडेल याचा भरवसा नाही.

२३ जानेवारी २०२५

नेटवर्क स्पीकर बनवणाऱ्या एका कंपनीचे पत्र आले. आपले इंजिन, विशेषतः दोन गाण्यांमध्ये क्षणाचाही खंड न पाडता वाजवणारा भाग, त्यांना त्यांच्या यंत्रात हवा आहे. जीपीएल नको, बंद परवाना द्या, एकरकमी मोबदला देऊ, असे त्यांनी लिहिले आहे. रक्कम आपल्या पाच-सहा वर्षांच्या खर्चाएवढी आहे. पत्र सभ्य आहे आणि त्यांनी आधी विचारले याचे मला मोल वाटते. न विचारता कोड उचलणारेही असतात.

२९ जानेवारी २०२५

या पत्रावर आम्ही दोघे मेंटेनर आणि दोन सहकारी असे चौघे मिळून तीन तास बोललो. आजची नोंद लांबणार आहे, कारण या चर्चेत प्रकल्पाची दिशा ठरली.

बंद परवाना देण्याचा अधिकारच आपल्याला नाही, इथपासून सुरुवात झाली. ४१ जणांचा कोड आम्ही चौघे विकू शकत नाही. मग एका सहकाऱ्याने प्रामाणिकपणे विचारले की, यापुढे प्रत्येक नव्या सहभागीकडून कॉपीराइटचे व्यापक अधिकार देणारा करार, म्हणजे सीएलए, घ्यायला काय हरकत आहे. तसे केले तर पाच वर्षांनी असे पत्र आल्यावर आपण हो म्हणू शकू. मी त्याच्या विरोधात बोललो आणि माझी कारणे येथे लिहून ठेवतो. २०२१ मध्ये ऑडासिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेल्यानंतर तिथे सीएलए मागितला गेला, तेव्हा अनेक जुन्या सहभागींना तो खटकला; त्यांचा कोड पुढे कोणत्या अटींवर वापरला जाईल हे ठरवण्याची सत्ता एकाच पक्षाकडे जात होती, हे त्यामागचे कारण. सबसॉनिक हा संगीत सर्व्हर जीपीएलखाली वाढला आणि २०१६ मध्ये ६.० आवृत्तीपासून त्याचा स्रोत बंद झाला. तोवरचा मुक्त कोड हाताशी असल्यामुळे लिब्रेसॉनिक आणि नंतर एअरसॉनिक उभे राहू शकले. परवाना बदलण्याची सत्ता एका हातात असली की ती कधीतरी वापरली जाते, आणि वापरणारा माणूस आज सभेत बसलेल्यांपैकीच असेल असे नाही. आपल्याकडे लोक रात्री जागून पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवतात ते त्या कोडवर सर्वांचा सारखा हक्क राहील या भरवशावर. तो भरवसा विकून मिळालेले पैसे कितीही असले तरी मला ते नको आहेत. नव्या सहभागासाठी लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून चालत आलेली डीसीओची पद्धत घ्यायची, म्हणजे ‘हा कोड या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे’ एवढीच सही प्रत्येक बदलाबरोबर करायची, यावर एकमत झाले.

यानंतर खरा कठीण प्रश्न आला. आम्ही जीपीएल आवृत्ती ३ कडे निघालो आहोत, आणि नेमकी तीच आवृत्ती यंत्र बनवणाऱ्यांना सर्वाधिक जाचते. आवृत्ती २ मध्ये स्रोत द्यावा लागतो. आवृत्ती ३ मध्ये घरगुती वापराच्या यंत्राबरोबर बदललेले सॉफ्टवेअर त्याच यंत्रावर बसवण्यासाठी लागणारी माहिती, सहीच्या डिजिटल किल्ल्यांसकट, ग्राहकाला द्यावी लागते. म्हणजे ओपनएसएसएलचा प्रश्न ज्या दिशेने सुटतो, त्याच दिशेला कंपनीचा पैसा दूर जातो. प्लेयर विकत घेतलेल्या माणसाला स्वतःच्या यंत्रावर हवा तो प्लेयर बसवता यावा असे मला मनापासून वाटते. पण इंजिन सर्वत्र पोहोचावे आणि सुधारणा परत याव्यात, हेही तितकेच वाटते.

येथे व्हीएलसी या प्लेयरचे उदाहरण उपयोगी पडले. व्हीएलसी २००१ पासून जीपीएलखाली होते. २०१० मध्ये ते ॲपलच्या ॲप-दुकानात गेले, दुकानाच्या अटी जीपीएलशी विसंगत असल्याची हरकत एका सहभागीने घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये ते काढले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनने लिबव्हीएलसी हे इंजिन एलजीपीएल २.१ कडे नेले, २०१२ मध्ये वाजवण्याशी संबंधित बहुतेक मॉड्यूलेही नेली, आणि हे सर्व ज्याँ-बाप्तिस्त केम्फ व सहकाऱ्यांनी लेखकांशी एकेक करून संपर्क साधून केले. प्लेयरचा वरचा भाग जीपीएलखालीच राहिला. २०१३ च्या जुलैत आयफोनवरचे व्हीएलसी एमपीएल आणि जीपीएल या दुहेरी परवान्याने परत आले. त्यांच्या तुलनेत आपला पसारा फारच लहान आहे, तेव्हा हे काम आपल्याला अशक्य नाही.

ठराव : इंजिन वेगळे करून एलजीपीएल २.१ किंवा त्यानंतरच्या परवान्याखाली न्यायचे. वरचा प्लेयर जीपीएल ३ किंवा त्यानंतरच्या परवान्याखाली न्यायचा. रेडिओचे नेटवर्क मॉड्यूल इंजिनात न ठेवता वरच्या भागात ठेवायचे. कंपनीला उत्तर द्यायचे की बंद परवाना मिळणार नाही, परंतु एलजीपीएलच्या अटी, म्हणजे इंजिनाचा स्रोत आणि त्यातले बदल देणे व ग्राहकाला बदललेले इंजिन जोडून पाहता येईल अशी सोय ठेवणे, मान्य असतील तर इंजिन विनामूल्य वापरता येईल. आणि त्यांना हव्या असलेल्या सुधारणा आम्ही मोबदला घेऊन, सर्वांसाठी खुल्या कोडमध्ये करून देऊ.

१० फेब्रुवारी २०२५

४१ जणांना पत्रे गेली. एकच मजकूर सर्वांना न पाठवता प्रत्येकाच्या पत्रात त्याने लिहिलेल्या फाइलींची नावे, त्यांचा आजचा परवाना आणि मागितलेला बदल वेगवेगळा लिहिला. इंजिनाला हात लावलेल्या १७ जणांकडून एलजीपीएलसाठी संमती हवी आहे. उरलेल्यांपैकी फक्त त्या २९ आणि १२ फाइलींशी संबंधितांकडून जीपीएल ३ साठी. नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यामुळे कुणाचे नाव श्रेययादीतून जाणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगितले. कंपनीचे पत्र आले होते आणि त्यातून पैसे येऊ शकतात, हेही लपवले नाही. संमती मागताना पैशाची गोष्ट दडवली असती तर ती संमती मला खरी वाटली नसती.

१९ फेब्रुवारी २०२५

एका जुन्या वापरकर्त्याने आग्रहाने सुचवले की, परवान्यात ‘व्यापारी वापरास मनाई’ एवढे एक कलम घाला, म्हणजे कंपन्यांना पैसे द्यावेच लागतील. सूचनेमागची तळमळ समजते. पण व्यापारी वापराला बंदी घालणारा परवाना मुक्त स्रोताच्या व्याख्येत बसत नाही, लिनक्स वितरणे असा प्लेयर आपल्या मुख्य संग्रहात घेणार नाहीत, आणि एफएफएमपेगपासून टॅगलिबपर्यंत ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्यांनी आपल्यावर अशी अट घातलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये विनॲम्प या प्लेयरचा स्रोत प्रसिद्ध झाला तेव्हा काय घडले ते ताजेच आहे. त्यासोबतच्या खास परवान्यात सुधारित आवृत्ती वाटायला मनाई होती, त्यावर टीकेची झोड उठली, इतरांच्या मालकीचा कोडही त्यात राहून गेला होता, आणि महिन्याभरात ते कोडचे भांडार काढून टाकण्यात आले. स्रोत वाचायला मिळणे आणि तो बदलून वाटण्याचा हक्क मिळणे यांत मोठे अंतर आहे. सूचना करणाऱ्यांना सविस्तर उत्तर लिहिले.

५ मार्च २०२५

संमतीची पत्रे ३४. काहींची उत्तरे वाचून आनंद झाला; एकाने आपल्या जुन्या कोडमधली एक चूक शोधून तिची दुरुस्तीही सोबत पाठवली. पाच जणांच्या जुन्या पत्त्यांवरून पत्रे परत आली. त्यांपैकी चौघांचा वाटा अक्षरांच्या दुरुस्त्या आणि एक-दोन ओळी एवढाच आहे; तरीही अंदाजावर न राहता त्या ओळी काढून नव्याने लिहिल्या. पाचव्याने मात्र क्यू-शीट (एका मोठ्या ध्वनिफाइलीत कोणते गाणे कुठे सुरू होते याची यादी) वाचणारी संपूर्ण फाइल लिहिली आहे, सुमारे ६०० ओळींची, आणि ती फक्त आवृत्ती २ खाली आहे. सर्व ओळखींतून शोध घेतला, संपर्क झाला नाही. मौन म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे ती फाइल नव्याने लिहावी लागेल. जुनी फाइल कधीही न उघडलेल्या सहकाऱ्याकडे ते काम दिले. त्याला फक्त क्यू-शीटच्या स्वरूपाचे वर्णन आणि चाचणीच्या फाइली दिल्या आहेत.

एका सहभागीचे उत्तर अजून आलेले नाही, आणि एकाचा स्पष्ट नकार आहे. एका गाण्याचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवणारे मॉड्यूल त्यांचे आहे. त्यांनी लिहिले आहे की, बंद यंत्रांमध्ये आपला कोड जावा असे त्यांना वाटत नाही, जीपीएल ३ ला त्यांची संमती आहे पण एलजीपीएलला नाही. मी ते पत्र तीनदा वाचले. त्यांची भूमिका ठाम आहे आणि आदराला पात्र आहे. मन वळवण्याचा प्रयत्न करणार नाही. त्यांचे मॉड्यूल इंजिनातून काढून वरच्या प्लेयरमध्ये प्लगिन म्हणून ठेवायचे, म्हणजे ते जीपीएलखालीच राहील. यासाठी इंजिनाच्या जोडणीत बदल करावे लागतील, आठ-दहा दिवसांचे काम आहे.

२२ मार्च २०२५

आता निधी. कोणत्या मार्गांनी पैसे येऊ शकतात आणि त्यांतले कोणते आपल्याला शोभतात, याची मांडणी केली.

तयार बिल्ड विकणे जीपीएलला मान्य आहे. स्रोत मात्र द्यावाच लागतो आणि घेणाऱ्याला तो पुढे वाटण्यापासून रोखता येत नाही. ध्वनिमुद्रणाचे आर्डर हे सॉफ्टवेअर अनेक वर्षे असेच चालले आहे: स्रोत सर्वांना मोफत, तयार बायनरी हवी असेल तर ऐपतीप्रमाणे पैसे. क्लेमेंटाइनमधून निघालेल्या स्ट्रॉबेरी प्लेयरनेही मॅकसाठीची तयार बिल्ड आर्थिक पाठबळ देणाऱ्यांपुरती ठेवली आहे. मॅक आणि विंडोजचा खर्च खरोखरच वेगळा असल्यामुळे हा मार्ग मला न्याय्य वाटतो, तरी आपले पुष्कळ वापरकर्ते विद्यार्थी आहेत आणि स्वतः बिल्ड करणे त्यांना जमणार नाही. म्हणून बिल्ड सर्वांना खुली ठेवून तिच्याजवळ ऐच्छिक रकमेची विनंती करायची, असे ठरले.

प्लेयरमध्ये एखादे संगीत-दुकान जोडून विक्रीतला वाटा घेण्याचा मार्ग वगळला. बॅन्शी प्लेयरमध्ये ॲमेझॉनच्या एमपी३ दुकानाची सोय होती आणि त्यातून येणारी सर्व रक्कम लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम फाउंडेशनला जात असे. २०११ मध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाने बॅन्शी मुख्य प्लेयर म्हणून घ्यायचे ठरवले, तेव्हा उबुंटूमागील कॅनॉनिकल कंपनीने त्या उत्पन्नाचे ७५ टक्के स्वतःकडे आणि २५ टक्के ग्नोमला अशी वाटणी केली. बॅन्शीचा परवाना एमआयटी होता, पण जीपीएल असता तरी हे रोखता आले नसते, कारण कोडमधला, विक्रीतला वाटा कुणाला जाईल हे ठरवणारा क्रमांक बदलण्याचा हक्क प्रत्येक मुक्त परवाना देतो. वितरणाच्या प्रत्येक टप्प्यावर जो आकडा दुसऱ्याच्या हाताने बदलू शकतो, त्यावर प्रकल्पाचा खर्च उभा करणे शहाणपणाचे नाही.

देणग्यांसाठी आपली नोंदणीकृत संस्था नाही, आणि पैसे कुणा एका मेंटेनरच्या खात्यात जाऊ नयेत, यावर आम्ही सुरुवातीपासून ठाम आहोत. म्हणून आपल्या वतीने पैसे स्वीकारून हिशेब ठेवणारी संस्था हवी. ओपन सोर्स कलेक्टिव्ह हे काम दहा टक्के शुल्कात करते आणि जमाखर्च सर्वांना दिसतो. नावात साम्य असलेली ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन ही वेगळी संस्था २०२४ अखेर विसर्जित झाली आणि तिच्या आश्रयाखालच्या अनेक प्रकल्पांना नवे घर शोधावे लागले. त्यावरून एक काळजी घ्यायची : हिशेबाची प्रत दर महिन्याला आपल्या भांडारात ठेवायची, आणि वर्षभराच्या खर्चाहून अधिक शिल्लक साठवायची नाही. लिबरापे या संकेतस्थळावर आठवड्याच्या लहान देणग्या घेता येतात आणि ते स्वतः त्यातून कमिशन कापत नाहीत. तेही सुरू करू.

३ एप्रिल २०२५

निधीची मांडणी करताना न सुचलेला एक मुद्दा आज समोर आला. आपण गाण्यांची माहिती म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-माहितीकोशाकडून घेतो. तिथला मूळ माहितीसंच, म्हणजे कलाकार, अल्बम, ध्वनिमुद्रणे, सीसी० या, कोणताही हक्क न राखणाऱ्या परवान्याखाली असून कोणत्याही वापराला खुला आहे. परंतु लोकांनी लावलेले टॅग, मानांकने आणि टिपा यांचा पूरक संच ‘श्रेय, अव्यापारी, समान वितरण’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, आणि संगीताचे प्रकार त्या टॅगांतूनच येतात. आज आपण बिल्ड विकत नाही, तरी स्पीकर कंपनी इंजिनाबरोबर ही सोय वापरू लागली तर प्रश्न उभा राहील. म्हणून माहिती आणणारा भाग इंजिनाबाहेर काढला आणि पूरक संचाच्या वापराशेजारी परवान्याची सूचना लिहिली. विनंतीमध्ये आपल्या प्लेयरची नीट ओळख देणे आणि सेकंदाला सरासरी एकच विनंती पाठवणे, हे त्यांचे नियम आपण पाळतोच. मेटाब्रेन्झ फाउंडेशन ना-नफा तत्त्वावर हे सारे चालवते. आपल्याकडे देणग्या येऊ लागल्यावर त्यातला ठरावीक वाटा त्यांना द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्यांच्यावाचून आपला प्लेयर अर्धा मुका होईल.

२४ एप्रिल २०२५

कंपनीचे उत्तर आले. एलजीपीएल मान्य आहे. एकरकमी मोबदल्याचा प्रस्ताव त्यांनी मागे घेतला, ते अपेक्षितच होते. त्याऐवजी खंडरहित वादनातील दोन त्रुटी आणि कमी स्मृतीच्या यंत्रावर चालण्याच्या सुधारणा यांसाठी मूळ रकमेच्या साधारण चौथ्या हिश्शाचे काम देऊ केले आहे. करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: सर्व कोड प्रथम आपल्या खुल्या भांडारात येईल, कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे राहील, आणि कोणती सुधारणा स्वीकारायची याचा निर्णय मेंटेनरांचा असेल.

१२ मे २०२५

नेदरलँड्समधील एनएलनेट फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज लिहून झाला. एनजीआय झिरो कार्यक्रमातून ते सहसा पहिल्या अर्जावर ५,००० ते ५०,००० युरो देतात, निष्पत्ती मुक्त परवान्याखाली असणे बंधनकारक आहे, आणि ठरलेला टप्पा पूर्ण झाल्यावर त्या टप्प्याचे पैसे मिळतात. ही शेवटची पद्धत आपल्यासारख्यांना योग्य आहे. काम लहान तुकड्यांत मांडायची सवय लागते. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडचाही विचार झाला, पण त्यांचा भर इतर सॉफ्टवेअर ज्यांच्यावर उभे असते अशा पायाभूत घटकांवर आहे. एफएफएमपेगला त्यांनी पाठबळ दिले आहे आणि ग्नोमला २०२३ मध्ये दहा लाख युरो दिले; त्या कामाचा लाभ आपल्याला आपोआप मिळतो.

अर्जात दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी संपूर्ण प्लेयर पडदावाचकाने चालवता येणे हे मुख्य काम मांडले आहे. त्यासाठी देणगी सहजी मिळत नाही, कंपनीला त्याची गरज नाही, आणि स्वयंसेवकांच्या फावल्या वेळात ते चार वर्षे रेंगाळले. अनुदान मागायचे ते नेमके अशा कामासाठी. अंदाजपत्रकात तासांचा हिशेब दिला, आणि पडदावाचक रोज वापरणाऱ्या दोन परीक्षकांच्या वेळाचाही मोबदला धरला. परीक्षण फुकट मागण्याची आपली सवय मोडायला हवी, असे मला फार दिवस वाटत होते.

३० मे २०२५

क्यू-शीटची नवी फाइल चाचण्यांत उत्तीर्ण झाली आणि जुनी काढली. उत्तर न आलेल्या सहभागीचे पत्र अखेर आले; ते आजारी होते, आता बरे आहेत, संमती दिली आहे. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची, म्हणजे परवान्याचे ठरावीक संक्षिप्त नाव सांगणारी, ओळ आणि कॉपीराइटधारकांची नावे लिहिली. रियूज या पद्धतीनुसार परवान्यांचे पूर्ण मजकूर एका फोल्डरमध्ये ठेवले. यापुढे परवान्याची ओळ नसलेली फाइल स्वयंचलित तपासणीत अडवली जाईल.

१४ जून २०२५

नव्या परवान्यांसह रिलीज बाहेर पडले. इंजिन एलजीपीएल २.१ किंवा त्यानंतरचे, प्लेयर जीपीएल ३ किंवा त्यानंतरचा. ओपनएसएसएल परत जोडता येत असूनही जीएनयूटीएलएस स्थिर चालत आहे, म्हणून ती तशीच ठेवली.

एलजीपीएलला नकार दिलेल्या सहभागींनी प्लगिन झालेल्या आपल्या मॉड्यूलची बिल्ड स्वतः तपासून दिली आणि आवाज उतरण्याच्या वक्रात एक सुधारणा पाठवली. तिच्यावर डीसीओची सही आहे. ती याच रिलीजमध्ये घेतली.

हिशेब : सही करण्याचे नवे प्रमाणपत्र आणि ॲपलचे ९९ डॉलर यंदा पहिल्यांदाच प्रकल्पाच्या खात्यातून भरले. मेटाब्रेन्झचा वाटा पुढच्या महिन्याच्या जमेतून जाईल. एनएलनेटचे उत्तर यायचे आहे. तोपर्यंत पडदावाचकाच्या कामाचा पहिला टप्पा, म्हणजे प्रत्येक बटणाला वाचता येईल असे नाव देणे, सोमवारपासून सुरू करत आहोत.